माळवदावरचे आरोपपत्र

मराठवाड्यातल्या लोहारा, उमरगा, औसा, निलंगा या सगळ्या पट्ट्यात एक मत आता मत उरलेले नाही, ते गृहीतच झाले आहे. शहाण्या माणसाने जुन्या गावात राहू नये. सोयरिकीला आलेले पाहुणे मुलाच्या पगाराबरोबरच विचारून घेतात, ‘घर गावात आहे की प्लॉटिंगमध्ये?’ गवंडी सांगतो, ‘मालक, माळवदावर पैसा घालू नका, पाडूनच टाका.’ पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर आईला बजावतो, ‘तू त्या घरात झोपू नकोस.’ तिघेही हितचिंतक आहेत. तिघांच्याही बोलण्यामागे एक पहाट आहे आणि ती इथले कोणतेही घर विसरलेले नाही. म्हणून हे मत उडवून लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याचा प्रतिवाद मात्र करायलाच हवा. कारण ते चुकीचे तर आहेच, शिवाय घातकही आहे. जुन्या घराचा जो धोका ते सांगते, त्यातला मोठा वाटा ते स्वतःच निर्माण करते.

वाचकांनी न्यायासनावर बसावे. आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो पूर्ण ताकदीने मांडतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे, पण तो उथळ होता आणि माणसे घरात होती. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ जीव गेले. आज लोहारा तालुक्यात असलेली सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे त्या यादीत आहेत. भूकंपाने माणसे मारली नाहीत, घरांनी मारली. ती घरे दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची, म्हणजे लाकूड-मातीच्या छताची होती. गावागावांत सिमेंट-काँक्रीटची बांधकामे थोडी होती, पण जी होती ती बहुतेक उभी राहिली. मग याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पूर्वपक्ष इथेच थांबत नाही. तो म्हणतो, भूकंप सोडा, रोजचे जगणे पाहा. बोळात रुग्णवाहिका शिरत नाही. आग लागली तर बंब वेशीपाशी अडतो. वाड्यात अंधार, भिंतीत ओल, माळवदाच्या किलच्यांत विंचू. संडास बांधायला जागा नाही. एका वाड्याला डझनभर वारस, त्यामुळे कागद नाही, कागद नाही म्हणून कर्ज नाही. आणि शेवटचा मुद्दा सर्वांत धारदार आहे. जुन्या गावाची रचनाच जातीवर उभी आहे. कोणाची आळी कुठे, पाणवठा कोणाचा आणि वेशीबाहेर कोण, हे ज्या रचनेने ठरवले, ती जपण्यात कसला आनंद? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेडेगावाच्या उदात्तीकरणावर जी टीका केली, ती आठवून कोणीही विचारील की वाड्याच्या ओसरीचे कौतुक नेमके कोण करतो?

पूर्वपक्ष संपला. यात मी काही गाळलेले नाही. आता उत्तर.

आरोपीची ओळख आधी पटली पाहिजे. ‘जुने घर’ ही काही एकच वस्तू नाही. पहिला आरोपी भिंत. आपल्याकडची भिंत दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्या जाड भिंतीला काय होणार? पण वाडा उतरवताना अशी भिंत मधोमध उघडी पडली की खरा प्रकार दिसतो. ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये गोटे, कपच्या, माती यांचे भरण. दोन्ही रांगा एकमेकींना कुठेही धरत नाहीत. वर्षानुवर्षे पाणी मुरते, भरण खाली बसते, बाहेरची रांग फुगते. आपण म्हणतो, भिंतीने पोट सोडले. अशा भिंतीला जमिनीचा हादरा बसला की दोन्ही रांगा दोन बाजूंना जातात आणि मधले भरण कोसळते. जाडी इथे ताकद नाही. उलट जितकी जाड भिंत, तितके भरण अधिक आणि तितका ढिगारा मोठा.

यावरचा उपाय नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. दोन्ही अंगे धरून ठेवणारा आरपार दगड घालायचा. दगडी बांधकामासाठीच्या १९९३ च्याच भारतीय मानकात तो अंतरासहित सांगितलेला आहे. उभ्यात साठ सेंटिमीटरला एक, आडव्यात १.२ मीटरच्या आत एक, आणि भिंत पंचेचाळीस सेंटिमीटरहून जाड नको. म्हणजे ज्या मानकाने भारतात सुरक्षित बांधकामाचे नियम घातले, त्याने दगडी भिंतीला बंदी घातली नाही. तिला शिस्त लावली. दगड जर मुळातच खुनी असता तर मानक लिहिणाऱ्यांनी त्याच्यासाठी नियम लिहिण्याचे कष्ट घेतले असते का?

दुसरा आरोपी छत. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच्या किंवा फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस आला की गळते, म्हणून मृगाच्या आधी वर आणखी पाटी-दोन पाटी माती. जुना थर काढायचा असतो हे सोयीने विसरले जाते. एका पिढीची माती दुसऱ्या पिढीच्या डोक्यावर चढते. हिशेब करून पाहावा. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. वजन नऊ टनांच्या आसपास. तीच माती खरवडून सहा इंचांवर आणली तर भार सव्वादोन टनांवर येतो. छत तेच, लाकूड तेच, घर तेच. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचे पावणेसात टन उतरले. यासाठी सिमेंटचे एक पोतेही लागत नाही. फावडे, घमेले आणि चार दिवस लागतात. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरला तर गळतीचा प्रश्नही बराचसा मिटतो, आणि दरवर्षी माती चढवण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा आरोपी खांब, आणि इथे साक्ष उलटते. खणांच्या वाड्यात छताचा भार भिंतीवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो. भिंत फक्त आडोसा. त्या पहाटे अशी कितीतरी घरे पाहायला मिळाली की भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या आणि आत खांब-तुळयांचा सांगाडा माळवदासकट उभा राहिला. पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवले आहे. जिथे तुळईचे टोक थेट भिंतीवर टेकवले होते, तिथे भिंतीबरोबर छत आले. जिथे खांबाचे बूड दगडी उथळ्यावरच कुजले होते, तिथेही आले. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘माळवदाचे घर’ म्हणतो, त्याचेच एक रूप माणसांवर कोसळले आणि दुसऱ्याने त्यांना सांभाळले. एकाच नावाच्या दोन आरोपींना एकच शिक्षा देणारा न्यायाधीश तुम्हाला चालेल का?

बांधणी सुटलेली भिंत, मातीने लादलेले छत, कुजलेला किंवा नसलेलाच खांब. दोषी हे तिघे आहेत. या तिघांत ‘जुनेपणा’ कुठेही नाही.

इथे कोणी म्हणेल, मग आपल्या पूर्वजांना एवढे कळले कसे नाही? उत्तर त्यांच्याकडे नाही, नकाशात आहे. १९८४ च्या भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात हा सारा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता. कोयनेला १९६७ मध्ये हादरा बसल्यावर दख्खनचे पठार अचल असल्याचा समज डळमळला खरा, पण त्याचे खापर बहुतांशी धरणावर फुटले आणि मराठवाडा निश्चिंत राहिला. २००२ च्या सुधारित नकाशात आपण तिसऱ्या पट्ट्यात आलो. देशातल्या तज्ज्ञांना जे १९९३ पर्यंत दिसले नाही, ते न दिसल्याबद्दल एखाद्या गवंड्याला आणि त्याच्या साऱ्या विद्येला बाद ठरवणे न्यायाचे नाही.

पुराव्यासाठी मी तेरच्या त्रिविक्रम मंदिराकडे किंवा नळदुर्गच्या पाणीमहालाकडे बोट दाखवणार नाही. जुन्या बांधकामाचे चाहते ते नेहमी दाखवतात. पण ती ठिकाणे भूकंपाच्या केंद्रापासून दूर होती, आणि राजाच्या बांधकामावरून रयतेच्या घराचे अनुमान काढणे हा तर्क नव्हे. आपली बाजू बळकट दिसावी म्हणून कच्चा पुरावा पुढे करणाऱ्याची पक्की बाजूही कमकुवत होते.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार, खुद्द जनता. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे पूर्णपणे हलवली गेली, हे सगळ्यांना आठवते. त्याच कार्यक्रमात दोन लाखांच्या आसपास घरांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी पैसे मिळाले, हे फारसे कोणी सांगत नाही. ही घरे हलवायची नव्हती, पाडायची नव्हती, आहे तिथेच मजबूत करायची होती. शासनाचा आणि त्याच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष काय होता हे यातून उघड होते. पण पुढे काय झाले? बहुतेकांनी त्या पैशातून जुन्या घराला लागून विटा-सिमेंटची एक खोली उभी केली. भिंतीत एकही आरपार दगड गेला नाही, माळवदावरची माती एक इंचही उतरली नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, हाच तर कौल! लोकांचा दगडावर विश्वास उरला नव्हता. मान्य. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? पण त्या कौलाचा परिणाम पाहा. एका खोलीत संसार मावत नाही. सहा महिन्यांत, वर्षात, भीती ओसरली तशी माणसे पुन्हा माळवदाखाली झोपू लागली. नव्या खोलीत धान्याची पोती, टीव्ही आणि पाहुणे. म्हणजे मजबूत करायचे घर मजबूत झाले नाही, आणि राहणारे मात्र त्यातच राहिले. ‘जुने घर म्हणजे मरण’ या मताने माणसाला त्या घरातून बाहेर काढले नाही. घराची दुरुस्ती तेवढी थांबवली. ज्या घरावर आपला विश्वासच नाही त्यावर पैसा कोण घालतो? आणि ज्यावर तीस वर्षे पैसा घातला नाही ते घर पडले, तर ते या मताच्या बाजूचा पुरावा ठरेल की विरोधातला?

न्यायासनाने हा प्रश्न टिपून ठेवावा. माझे सारे म्हणणे त्याच्यावर उभे आहे.

‘सिमेंट म्हणजे सुरक्षितता’ या समजाची उलटतपासणीही करायला हवी. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आठवा. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या खाली बसल्या आणि शेकडो माणसे गेली. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशी त्यांतल्या कितीतरींची रचना होती. त्याच शहरातल्या जुन्या पोळांमधली, विटांत लाकूड गुंफलेली घरे बहुतांशी उभी राहिली. पुढे २०१७ मध्ये त्या जुन्या अहमदाबादला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वारसा म्हणून मिरवण्याआधी त्या घरांनी राहण्याची परीक्षा दिली होती.

लोहाऱ्याच्या आसपासच्या कोणत्याही नव्या वसाहतीत फेरी मारावी. रस्त्याकडेला दुकानाचे गाळे, म्हणजे खाली नुसते खांब आणि शटर, वर राहायची खोली. अहमदाबादेत जी रचना बसली तिचीच ही धाकटी आवृत्ती. खांबातल्या रिंगांची टोके काटकोनात वळवून सोडलेली; वास्तविक भूकंपक्षेत्रासाठीचे मानक ती १३५ अंशांत आत वळवायला सांगते. हादरा बसला की काटकोनातली रिंग उघडते आणि खांबातला माल बाहेर येतो. आणि पाणी? काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे असेल तर दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते. बाजारात आज बहुधा मिश्र सिमेंटच येते. बांधकामाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. त्याच महिन्यांत आपल्याकडे पिण्याच्या पाण्याला टँकर लागतात. स्लॅबवर दहा दिवस पाणी कोण मारतो? दगड-मातीच्या भिंतीत दोष असेल तर ती पोट सोडते, फुगते, आधी सांगते. पाण्यावाचून राहिलेला स्लॅब आतून कच्चा राहतो आणि बाहेरून गुळगुळीत दिसतो.

जमिनीचा मुद्दा लोक विसरतातच. प्लॉटिंग होते ते काळ्या रानात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर पाच वर्षांत नव्या घराच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. त्या चिरांवर पुट्टी भरून रंग दिला जातो आणि घर नवे दिसत राहते.

मी काँक्रीटचा द्वेष करत नाही. नीट बांधलेले काँक्रीटचे घर उत्तमच. माझा प्रश्न इतकाच, की नीट बांधलेल्या नव्या घराची तुलना नीट न राखलेल्या जुन्या घराशी का करता? तुलना करायची तर राखलेल्याशी राखलेल्याची करा, किंवा बिघडलेल्याशी बिघडलेल्याची.

पुनर्वसित गावांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या गावांनी हजारो कुटुंबांना छत दिले, शाळा दिल्या, रुंद रस्ते दिले. तिथले लोक जुन्या जागी परतणार नाहीत आणि परतू नयेत. पण तिथूनही शिकण्यासारखे आहे. चौकटी आखून वसवलेल्या त्या गावांनी जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा व्यापली. शेजार तुटला, दुकान लांब गेले, रस्ते आणि दिवे राखण्याचा खर्च ग्रामपंचायतीला झेपेना. गोठ्याला, सरपणाला, बाळंतिणीला जागा हवी म्हणून लोकांनी पक्क्या घराला लागून पुन्हा खोल्या काढल्या. कशाच्या? जुन्या गावातून आणलेल्या त्याच दगडांच्या, त्याच मातीत, आणि अजूनही आरपार दगडाशिवाय. गाव हलले, बांधण्याची रीत हलली नाही. जागा बदलल्याने धोका टळत नाही, रीत बदलल्याने टळतो, याचा याहून ढळढळीत दाखला मला माहीत नाही.

जातीचा आक्षेप इथेच घ्यायला हवा. तो खरा आहे. आळीच्या रचनेत अन्याय आहे आणि ज्यांना तो सोसावा लागला त्यांनी गाव सोडले तर ती त्यांची मुक्ती आहे. ओसरीच्या गारव्याचे दाखले देऊन त्यांना थांबवण्याचा हक्क मला नाही. पण नवी वसाहत या आजारावर औषध आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने पुनर्वसनाचा नियमच पाहावा. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांपर्यंत ४०० चे, त्यापुढे ७५०. जुन्या गावाची उतरंड नव्या आराखड्यात चौरस फुटांत उतरली, आणि ती सरकारी शिक्क्याने उतरली. आजच्या खासगी वसाहतींत प्लॉट कोणाला विकायचा हे कसे ठरते, ते विचारणाऱ्याला लगेच कळते. जात मोडायची तर ती माणसांच्या व्यवहारात मोडावी लागेल. जुन्या गावात कोणाचे घर कोणीही विकत घ्यावे, कोणीही भाड्याने राहावे, याचा आग्रह धरणे हे गाव ओसाड टाकण्यापेक्षा अवघड आहे. करायचे आहे ते तेच.

बोळाच्या अरुंदपणाचा मुद्दाही मी हलका करणार नाही. कच्छच्या त्याच भूकंपात अंजारमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या फेरीला निघालेली शाळकरी मुले अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. हे लिहिताना हात थांबतो. पण विचार करा, ती मुले रस्ता अरुंद म्हणून गेली की भिंती सुटल्या म्हणून? दोन्ही कारणे खरी, आणि त्यांतले एक आपल्या हातात आहे. बोळ रुंद करायला अर्धे गाव पाडावे लागेल. बोळाकडच्या भिंती बांधून घ्यायला, वरचे सैल कठडे उतरवायला पाडापाडी लागत नाही. रुग्णवाहिकेचे म्हणाल तर गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंतचे अंतर बहुधा हाकेचे असते, आणि स्ट्रेचर धरायला बोळात चार हात मिळतात. आगीसाठी मात्र गावातच पाण्याचा साठा आणि लांब नळी हवी, आणि ही सोय आज बहुतेक ठिकाणी नाही. ही उणीव मी पूर्वपक्षाच्या पदरात टाकतो.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर पारा गेल्यावर माळवदाखालच्या ढाळजेत बसलेल्या माणसाला आणि स्लॅबखाली कूलर लावून बसलेल्या माणसाला समोरासमोर आणावे. मातीचे छत दिवसाची उष्णता खाली उतरू देत नाही. पाच इंचांचा स्लॅब ती साठवून रात्रभर परत करतो. वीज गेली की फरक आणखी कळतो.

आता वारसांचा प्रश्न. जुन्या गावाचा खरा वैरी मी यालाच मानतो, आणि पूर्वपक्षाने याला जेवढे वजन दिले त्याहून अधिक मी देतो. आजोबांच्या नावावरचा वाडा. तीन भाऊ गावात, दोघे पुण्यात, बहिणींचा हिस्सा कोणी विचारात घेतलेला नाही. पन्हाळ फुटली आणि पाणी एका भिंतीत मुरू लागले. भिंत कोणाची? सामाईक. मग दुरुस्तीचा खर्च कोण करणार? कोणीच नाही. तीन पावसाळ्यांत त्या भिंतीने पोट सोडले, चौथ्यात ती पडली, आणि सगळे म्हणाले, जुने घर होते, पडायचेच. ते घर जुनेपणाने पडले नाही. ते वाटणीपत्राअभावी पडले. वाडा पडायला भूकंप लागत नाही, भावांचा अबोला पुरतो.

पण हा दोष जुन्या गावाचा की आपल्या महसुली व्यवस्थेचा? गावठाणातल्या घरांना शेतासारखा नेमका मोजणीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून सनद देण्याचे काम निघाले ते याच कारणाने. लोहाऱ्यासारख्या नगरपंचायतीच्या गावांत नगर भूमापनाचे आणि मिळकत पत्रिकेचे काम नेटाने व्हायला हवे, आणि त्याबरोबर वारसांमध्ये समजुतीची वाटणी करून देणारी व्यवस्था हवी. शहरी घरकुलाला केंद्र दीड लाख आणि राज्य एक लाख देते. पण ते पैसे पदरात पडायला आधी जागेचा हक्क दाखवावा लागतो. कागद नसलेल्या वारसाला म्हणून ना नवे बांधता येते ना जुने राखता येते.

मग जुने गाव कोणी सोडावे? माझेही काही ठाम नकार आहेत. भिंत एका अंगाला स्पष्ट झुकली असेल, तुळई मधोमध वाकली असेल, खांबाच्या बुडात सुरी सहज घुसत असेल, आणि दुरुस्तीला ना पैसा ना वारसांची संमती, तर त्या घरात एक रात्रही झोपू नये. अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि गल्लीच्या तोंडाशी पोचायला पायऱ्यांची चढण असेल, तर तेही घर त्या कुटुंबाचे नव्हे. पण हे निकष त्या त्या घराचे आहेत. घरामागून घर तपासून ठरवायचे आहेत. ‘जुने गाव’ असा एकच शिक्का मारून नव्हे.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे कोणी दाखवत नाही म्हणून ती अशक्य वाटते. उभ्या भिंतीत आरपार दुवा घालता येतो आणि तो या पट्ट्यात घातला गेलेला आहे. घण वापरायचा नाही. बारीक पहारीने आतल्या अंगाचा एक दगड हलकेच सैल करून काढायचा, मधले भरण हाताने उकरायचे, बाहेरच्या अंगाचा दगड काढायचा. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये निमुळते. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि खडीचा माल ठासून भरायचा, दहा दिवस ओले ठेवायचे. असे दुवे भिंतीभर, एकाखाली एक न येता, तिरपे तिरपे. वर छताच्या पातळीला चारही भिंतींना धरणारी जाळीची पट्टी. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे लाकडी टेकू. माती उतरवणे आधी सांगितलेच. यातले कोणते काम लोहाऱ्याच्या गवंड्याला आणि सुताराला येणार नाही?

‘गवंडी आता राहिलेत कुठे?’ हा पूर्वपक्षाचा शेवटचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. पुनर्वसनाच्या काळात या पट्ट्यात हे काम शिकवण्यासाठी गवंड्यांची प्रशिक्षणे झाली. तेव्हा जे तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत; त्यांची मुले सेंट्रिंगच्या कामाला सोलापूर-पुण्याला आहेत, कारण गावात त्यांच्या वडिलांच्या विद्येला कोणी मजुरी देत नाही. नगरपंचायतीने पाडण्याची परवानगी देताना आधी अशा एका गवंड्याची आणि एका अभियंत्याची पाहणी सक्तीची करावी आणि तिचे पैसे त्यांना द्यावेत. येत्या उन्हाळ्यात निदान एका वाड्याचे काम सर्वांदेखत करून घ्यावे आणि त्यावर सेंट्रिंगवरून परतलेली दहा पोरे मजुरी देऊन ठेवावीत. शिकवणारे हात अजून थरथरत नाहीत.